सिंह, बिबट आणि अस्वल : चांदीच्या इंग्लिश घड्याळाच्या गमती

‘विकणे आहे : खिशातलं इंग्लिश घड्याळ, चांदीचं, शंभर वर्षांहून जुनं, किल्लीसकट.’ अशी ओळ वाचली की चंद्रपूर-गडचिरोलीकडे पहिला प्रश्न ठरलेला : चांदी किती तोळे भरते? मग घड्याळ सराफाच्या काट्यावर चढतं, यंत्र बाजूला निघतं, कवच मुशीत जातं आणि दीडशे वर्षांचा ऐवज दहा मिनिटांत संपतो. जुन्या मालगुजारांच्या, वकिलांच्या, रेल्वेत नोकरी केलेल्यांच्या घरी एखादं असं घड्याळ कपाटाच्या तळाशी पडलेलं असेल, तर काट्याकडे जाण्याआधी थोडं थांबा. त्या गोल डबीत काय काय दडलंय ते आधी बघू.

झाकणातलं अभयारण्य

मागचं झाकण नखाने हलकेच उघडा आणि आतल्या बाजूवर भिंग धरा. ज्वारीच्या दाण्याएवढे ठसे ओळीने दिसतील. पुढचा पाय उचलून चालत निघालेला सिंह असेल, तर ती ‘स्टर्लिंग’ चांदी : हजारात ९२५ भाग शुद्ध. हा सिंह १५४४ पासून इंग्लंडच्या चांदीवर उमटतोय. आपल्याकडच्या हॉलमार्कच्या प्रतींमध्येही ९२५ आहे, त्यामुळे सराफाला वेगळं समजावून सांगायची गरज पडत नाही.

सिंहाशेजारी तपासणी कुठे झाली त्या गावाची खूण असते. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. गंमत अशी की या गावाला समुद्र नाही. तिथले कारखानदार स्वतःच्या गावात तपासणी कचेरी मिळावी म्हणून लंडनला खेटे घालत होते, तेव्हा त्यांच्या बैठका ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत व्हायच्या. त्यावरून हा नांगर आला असं सांगतात. कचेरी मिळाली १७७३ मध्ये. तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या दिसल्या तर चेस्टर. ती कचेरी १९६२ मध्ये बंद झाली.

लंडनची खूण म्हणजे बिबट्याचं मुंडकं. निदान इंग्रज त्याला बिबट म्हणतात. मोहर्लीच्या किंवा चपराळ्याच्या रस्त्यावर ज्याने खरा बिबट पाहिलाय तो हा ठसा पाहून लगेच म्हणेल, हा तर सिंह! आणि त्याचंच बरोबर आहे. युरोपातल्या जुन्या राजचिन्हांच्या शास्त्रात समोर तोंड करून बघणाऱ्या सिंहाला बिबट म्हणायची पद्धत होती, ती ठशात कायमची राहून गेली. या मुंडक्यावर मुकुट असेल तर आणखी चांगलं. लंडनच्या बिबट्याचा मुकुट १८२१ मध्ये उतरला, म्हणजे घड्याळ त्याआधीचं.

आणि अस्वल दिसलं तर? ताडोब्यात आनंद, घड्याळात सावधान. मागच्या दोन पायांवर उभं असलेलं बारकं अस्वल ही स्वित्झर्लंडची खूण आहे. तिथल्या १८८० च्या कायद्याने हजारात ८७५ भाग चांदीला अस्वल आणि ८०० भागांना एक रानपक्षी दिला. घड्याळ छान असेल, पण ते इंग्लिश नाही.

राहिलं एक अक्षर. ते वर्ष सांगतं. दर वर्षी नवं अक्षर, वर्णमाला संपली की पुन्हा ‘ए’पासून सुरुवात, फक्त अक्षराचं वळण आणि भोवतालची चौकट बदलते. त्यामुळे नुसतं ‘के’ दिसलं म्हणून वर्ष सांगता येत नाही. गाव, वळण आणि चौकट तिन्ही जुळवून तक्ता बघावा लागतो. एकदा जुळलं की मात्र वर्ष पक्कं लागतं. आपल्या घरातल्या किती वस्तूंवर त्यांचा जन्मदाखला असा कोरलेला असतो?

राजा कुठे गेला?

जुन्या इंग्लिश चांदीच्या चमच्यावर राजाचं किंवा राणीचं मुंडकंही असतं. कर भरल्याची ती पावती, १७८४ ते १८९० पर्यंतची. घड्याळाच्या कवचावर मात्र १७९८ नंतर ती सापडत नाही. पंतप्रधान विल्यम पिट यांनी १७९७ मध्ये घड्याळ बाळगण्यावरच कर बसवला होता. सोन्याच्या घड्याळाला वर्षाला दहा शिलिंग, चांदीच्या घड्याळाला अडीच. लोकांनी घड्याळं विकत घेणंच थांबवलं, हजारो कारागीर रिकामे बसले आणि वर्षभरात कर मागे घ्यावा लागला. बुडत्या धंद्याला हात म्हणून कवचाच्या चांदीवरचा करही माफ झाला. म्हणजे तुमच्या घड्याळात राणी व्हिक्टोरियाचं मुंडकं नाही म्हणून ते खोटं ठरवू नका.

सायकलची चेन, पण डोळे गेले

आता आतलं झाकण. जुन्या इंग्लिश घड्याळात एक पिंप आणि एक शंकू शेजारी शेजारी दिसतात आणि दोघांना जोडणारी पोलादी साखळी. रचना अगदी सायकलच्या चेनसारखी, लांबी वीतभर, जाडी जाड दोऱ्याइतकी, आणि तेवढ्यात शेकडो कड्या. याला ‘फ्युझी’ म्हणतात. काम सोपं पण डोकं लढवलेलं : पिंपातली स्प्रिंग पूर्ण गुंडाळलेली असते तेव्हा जोरात ओढते, सैल होत गेली की ताकद कमी पडते. म्हणून सुरुवातीला साखळी शंकूच्या बारीक टोकावरून ओढली जाते आणि शेवटी शेवटी रुंद बुडावरून. स्प्रिंग दमत जाते तसा तिला लांब दांडा मिळतो आणि चाकांवरचा जोर दिवसभर सारखा राहतो.

या साखळ्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्राइस्टचर्च नावाच्या छोट्या गावात बनत. १७९० च्या सुमारास रॉबर्ट कॉक्स याने तिथे हा धंदा उभा केला. एकेक कडी ठोकून जोडायचं काम बायका आणि मुलं करत, त्यात अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रमातल्या पोरीही होत्या. इतकं बारीक काम वर्षानुवर्षं केल्यावर डोळे अधू होत. झाकण उघडून ती साखळी बघताना मला यंत्राचं कौतुक वाटतं आणि त्या पोरींची आठवण त्याच क्षणी येते. असं घड्याळ मोडीत काढणं मला म्हणूनच जास्त खटकतं.

एक कामाची सूचना इथेच. फ्युझीच्या बऱ्याच घड्याळांना किल्ली उलटीकडून द्यावी लागते. हौसेने सुलटा जोर लावला तर साखळीची वाट लागू शकते. किल्लीच्या भोकाजवळ बाण कोरलाय का ते आधी बघा, आणि अडलं तिथे थांबा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या घड्याळाला तर जाणत्या घड्याळजीकडे साफ केल्याशिवाय किल्ली देऊच नका. तेल सुकून गोंद झालेलं असतं.

सत्तेचाळीस अंशांत घड्याळ मागे का पडतं

चंद्रपूरचा मे महिना घड्याळालाही सोसत नाही. मागेपुढे झुलणाऱ्या तोलचक्राची पोलादी स्प्रिंग, जिला केसस्प्रिंग म्हणतात, ती उष्णतेने ढिली पडते आणि घड्याळ हळू चालतं. साध्या घड्याळात दर अंश सेल्सिअसला दिवसाला सुमारे १० ते ११ सेकंदांचा फरक पडतो. आता हिशोब करा. डिसेंबरच्या पहाटे पारा १० वर, मे महिन्यात दुपारी ४७ वर. फरक ३७ अंशांचा. तोच पारा दिवसभर टिकला असं धरलं, तर एकच घड्याळ थंडीत आणि उन्हाळ्यात दिवसाला सहा मिनिटांहून अधिक वेगळं चालेल!

यावर इंग्रज कारागिरांनी तोड काढली ती दुपदरी तोलचक्राची : आत पोलाद, बाहेर पितळ. दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, चाकाचे हात आत वाकतात आणि ढिल्या स्प्रिंगची भरपाई होते. तुमच्या घड्याळाच्या तोलचक्राची कड दोन ठिकाणी चिरलेली आणि तिला बारके स्क्रू लावलेले दिसले, तर बहुधा ते हेच. पुढे शार्ल गियोम याने उष्णतेला न बधणारे निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधले आणि १९२० मध्ये त्याला थेट भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घड्याळ मागे पडू नये या खटपटीतून नोबेलपर्यंत!

गरिबाघरचा उपायही होताच. घड्याळ अंगाला लागून खिशात ठेवलं की शरीराची ऊब बारा महिने जवळपास सारखी मिळते. बंडीच्या आतल्या खिशात घड्याळ ठेवणारे आजोबा नकळत शास्त्रच पाळत होते. आणि जीन्सच्या पुढच्या खिशावर जो बारका जास्तीचा खिसा असतो, ज्यात आज नाणं किंवा पेन ड्राइव्ह जातो, तोही मुळात याच घड्याळासाठी शिवलेला आहे.

गडचिरोलीचा सूर्य मद्रासच्या वेळेवर

हे मला सगळ्यात जास्त आवडतं. १९०६ मध्ये भारताची प्रमाणवेळ ठरली. त्याआधी गावोगावचा सूर्य वेगळा आणि वेळही वेगळी. रेल्वेला असं चालेना, म्हणून तिने देशभर मद्रासच्या वेधशाळेची वेळ धरली. वर्ध्याहून वरोऱ्याच्या सरकारी कोळसा खाणीसाठी १८७० च्या दशकात रूळ आले, तेव्हा चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात रुळांबरोबर ही वेळही आली.

मुंबईकरांना मद्रासची वेळ परकी वाटायची, कारण त्यांचा सूर्य अर्ध्या तासाने मागे. मुंबई महापालिकेने तर प्रमाणवेळ आल्यावरही ‘बॉम्बे टाइम’ कित्येक दशकं सोडला नाही. पण आपल्याकडे? पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. मद्रास ८०.२५ अंश पूर्व रेखांशावर, गडचिरोली ८० वर. फरक एका मिनिटाचा! चंद्रपूर ७९.३ वर, फरक चार मिनिटांच्या आत. रेल्वेची ती वेळ देशात अनेक ठिकाणी लादलेली वाटली, गडचिरोलीच्या जंगलात मात्र ती डोक्यावरच्या सूर्याशी जुळत होती, आणि त्या गावाला तेव्हा रेल्वेच नव्हती.

आज उलटं आहे. प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची, त्यामुळे चंद्रपूरचा सूर्य सरासरीने पावणेतेरा मिनिटं मागे चालतो, म्हणजे साधारण अर्धी घटिका. गडचिरोलीचा दहा मिनिटं. आणि दोन्ही जिल्ह्यांच्या आतच किती फरक! भामरागडला दुपारचा सूर्य माथ्यावर येतो, त्यानंतर सहा मिनिटांनी तो वरोऱ्याच्या माथ्यावर. जुनं घड्याळ सूर्यावर लावून बघायची हौस असेल तर हा हिशोब हाताशी ठेवा. अर्थात ही सगळी सरासरी. सूर्य स्वतःही वर्षभरात घड्याळाच्या मागेपुढे पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत सरकतो.

सुताराने बनवलेलं घड्याळ

वेळेवरून रेखांश काढायचा हा उलटा खेळ ज्या घड्याळाने समुद्रावर शक्य केला, तेही चांदीच्या कवचातलं, खिशातल्यासारखंच इंग्लिश घड्याळ होतं. फक्त खिसा मोठा हवा : व्यास १३ सेंटिमीटर, वजन जवळपास दीड किलो. नाव ‘एच-४’, पूर्ण झालं १७५९ मध्ये. बनवणारा जॉन हॅरिसन हा मूळचा सुतार. त्याची सुरुवातीची घड्याळं लाकडाची होती, आणि त्यातले काही भाग त्याने अशा तेलकट लाकडाचे केले की वंगण घालायचीच गरज नाही. आलापल्लीच्या सागवानात हयात घालवलेल्या सुतारांना या माणसाची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

जहाजाचा रेखांश काढून देणाऱ्याला ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. एच-४ जमैकाला गेलं, तेव्हा ८१ दिवसांत चूक निघाली सुमारे ५ सेकंदांची. तरी बक्षीस ठरवणाऱ्या मंडळाने हॅरिसनला वर्षानुवर्षं झुलवलं, पैसे तुकड्यातुकड्यांनी दिले. शेवटचा हप्ता मिळाला तेव्हा तो ८० वर्षांचा होता.

जमिनीवर रेखांश-अक्षांशांचं जाळं विणणाऱ्यांपैकी एक तर आपल्या शेजारीच विसावला आहे. भारताच्या महासर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, नागपूरकडे जाता जाता. त्याची कबर तिथेच आहे. वरोऱ्याहून नागपूरच्या बाजूला जाणाऱ्याने तासभर वाट वाकडी करावी अशी ती जागा.

वेळ विकणारी बाई

घड्याळ विकणारे पुष्कळ असतात. लंडनच्या रूथ बेलव्हिल घड्याळ न विकता वेळ विकायच्या. ग्रीनिचच्या वेधशाळेत जाऊन आपलं घड्याळ लावून घ्यायचं आणि मग लंडनभर गिऱ्हाइकांच्या दुकानांत जाऊन ते दाखवायचं, तेवढ्याचे वर्गणीदार पैसे देत. धंदा वडिलांनी १८३६ मध्ये सुरू केलेला, मग आईने सांभाळला, मग रूथनी १८९२ पासून थेट १९४० पर्यंत. तार आली, रेडिओ आला, तरी गिऱ्हाइकं टिकली. घड्याळ जॉन अर्नोल्डच्या हातचं, त्याला त्या ‘मिस्टर अर्नोल्ड’ म्हणत. मूळ कवच सोन्याचं होतं. चोरांच्या भीतीने वडिलांनी ते काढून चांदीचं बसवलं. चांदी कमी मोलाची म्हणून निवडली गेली आणि तिनेच शंभर वर्षं वेळ राखली.

नावावर जाऊ नका

तबकडीवर ‘लंडन’ किंवा ‘लिव्हरपूल’ लिहिलंय म्हणून हुरळू नका. इंग्लिश घड्याळावरचं नाव बहुतेक वेळा दुकानदाराचं असतं. यंत्राचा कच्चा साचा लँकशरमधल्या प्रेस्कॉट गावात व्हायचा, जुळणी कॉव्हेंट्रीत किंवा लंडनच्या क्लर्कनवेल भागात, कवच बर्मिंगहॅमला. डझनावारी वेगवेगळ्या कारागिरांच्या हातून एकच घड्याळ जायचं. आणि नकलाही त्या काळी होत्याच. लिव्हरपूलच्या ‘टोबायस’ घराण्याचं नाव इतकं चालायचं की स्वित्झर्लंडमधून त्या नावाची खोटी घड्याळं निघत.

उलटी गंमतही आहे. कवचावर ‘एएलडी’ अशी आद्याक्षरं आणि नांगर, आत मात्र अमेरिकन ‘वॉल्थम’ यंत्र. ही लबाडी नव्हे. यंत्राने घड्याळं बनवायचा वॉल्थमचा कारखाना उभारणाऱ्यांपैकी एरन डेनिसन पुढे इंग्लंडला गेला आणि बर्मिंगहॅममध्ये कवचं बनवू लागला. त्याच्याच देशबांधवांच्या स्वस्त, यंत्रावर बनलेल्या घड्याळांनी हाताच्या कारागिरीवरच्या इंग्लिश धंद्याचा कणा मोडला. लक्षात ठेवायचं ते एवढंच : सिंह फक्त कवचाची साक्ष देतो, यंत्राची नाही. कवचावरचा आणि यंत्रावरचा अनुक्रमांक एकच आहे का ते जुळवून बघा. जुळला तर जोडी मूळची असण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

झाकणामागची चिठ्ठी

जुन्या घड्याळांना दोन कवचं असत, एकात एक. मधल्या फटीत दुरुस्ती करणारा गोल कापलेला कागद घालायचा : दुकानाचं नाव, पत्ता, मागे हाताने लिहिलेली तारीख. आणि कागद नसला तरी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडलेले बारीक आकडे-अक्षरं असतात. त्या खुणा घड्याळजींच्या : कधी उघडलं, कोणी उघडलं. पॉलिश करून झाकण लखलखीत करायचा मोह होतो, पण तेवढ्यात हे ओरखडे आणि ठसे पुसट होतात. चांदी काळी पडली असेल तर पडू दे. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी ती काळवंडतेच, कोळशाच्या पट्ट्यात तर जास्तच. मऊ कपड्याने पुसलं की पुरे.

कागद असेल तर किंमत

सेवाग्राम आपल्या रेल्वेमार्गावरचंच. तिथे १९३६ पासून राहिलेल्या गांधीजींच्या कमरेला घड्याळ असायचंच. त्यांचं चांदीचं ‘झेनिथ’ १९४७ मध्ये रेल्वे प्रवासात चोरीला गेलं, आणि काही महिन्यांनी चोराने स्वतः येऊन माफी मागत परत केलं. तेच घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात १८ लाख डॉलरला गेलं. त्यांचं आणखी एक, नुसता चांदीचा मुलामा दिलेलं, मोडलेलं स्विस घड्याळ २०२० मध्ये ब्रिस्टलला १२,००० पौंडांना विकलं गेलं. चांदी नाममात्र, घड्याळ बंद, तरी ही किंमत, कारण ते कोणी कोणाला कधी दिलं हे सांगता येत होतं.

आपल्या पणजोबांचं घड्याळ लिलावघरात जाणार नाही, हे खरं. पण कायदा त्यालाही ओळखतो. पुरावशेष आणि बहुमोल कलावस्तू अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाला कुरिअरने घड्याळ धाडायचा विचार असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा.

आणि विका किंवा ठेवा, एक काम आजच उरका. झाकणातल्या ठशांचा, यंत्रावरच्या आकड्याचा आणि तबकडीचा स्वच्छ उजेडात फोटो काढा. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला विचारून एका कागदावर लिहा : घड्याळ कोणाचं, कुठून आलं, कोणाच्या लग्नात किंवा कोणत्या नोकरीत मिळालं, शेवटची चावी कोणी दिली. तो कागद गोल कापून मागच्या कवचात बसतो का बघा. नाही बसला तर किल्लीबरोबर एकाच पाकिटात ठेवा. किल्ली हरवली तरी मापाची दुसरी मिळते.